लिफ्टमनची उजवी दाढ

मी एक दाढ बोलतेय. खालच्या जबड्यातली, उजव्या बाजूची, पुढून मोजलं तर सहावी. माझा मालक दातांच्या दवाखान्यात लिफ्ट चालवतो. नुसता दवाखाना नाही, कॉलेज आहे ते. तिथे मुलंमुली डॉक्टरकी शिकतात आणि शिकता शिकता लोकांचे दात बरे करतात. अशा इमारतीत एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडात मी किडले. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे तशी जागा फारशी नाही.

मला डोळे नाहीत. पण चाळीस वर्षं एकाच डोक्यात राहिल्यावर मालकाला काय दिसतं आणि काय वाटतं ते आपोआप कळायला लागतं. आवाज तर मला त्याच्या कानांच्या आधी पोचतो, हाडातून.

मी आले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. माझ्या पुढचे सगळे दुधाचे दात, म्हणून घरच्यांनी मलाही दुधाचीच समजलं. "पडेल ही, मग खरी येईल," असं म्हणून माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मी पडणारी नव्हते. माझ्यामागून दुसरी कोणी येणार नव्हती. पण हे त्यांना सांगणार कोण?

माझ्याच वेळी डाव्या बाजूला माझी जुळी बहीण उगवली होती. ती माझ्याआधी किडली. तो अकरा वर्षांचा असताना वडील त्याला एका डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर गोड बोलणारा होता. "आ कर बाळा, मी नुसतं बघतो," असं तो म्हणाला, तेव्हा त्याचा एक हात पाठीमागे होता. मालकाने तोंड उघडलं. वडिलांनी मागून खांदे घट्ट धरले. मग एक करकर जबड्याच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत आली आणि माझी बहीण गेली.

दुखणं तो दोन दिवसांत विसरला. 'नुसतं बघतो' हे मात्र विसरला नाही. पुढची पस्तीस वर्षं त्याने कुठल्याच डॉक्टरपुढे तोंड उघडलं नाही. ताप आला तरी जीभ दाखवताना दात घट्ट ठेवून दाखवायचा. ते कसं जमतं ते करून बघा एकदा.

आणि नोकरी लागली ती नेमकी दातांच्या कॉलेजात. एक उंच स्टूल, सहा बटणं, एक पंखा, भिंतीवर आरसा. दोन नंबरचं बटण बोटं लागून लागून पांढरं पडलेलं. दुसऱ्या मजल्यावर विद्यार्थ्यांचा दवाखाना आहे, लांबच लांब हॉलमध्ये ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशी एक पांढरा कोट. वर जाणारी माणसं गालाला हात लावून जातात, खाली येताना ओठ चाचपत येतात. माझा मालक वर जाणाऱ्यांना धीर द्यायचा. "काही होत नाही हो. मुंगी चावल्यासारखं वाटतं. आमची मुलं हाताने फार हळुवार." असं तो इतक्या खात्रीने सांगायचा की लोक विचारायचे, तुम्ही इथेच करून घेतले का सगळे दात? त्यावर तो नुसता हसायचा, ओठ न उघडता.

डावीकडे बहिणीची जागा रिकामी, त्यामुळे चावणं सगळं माझ्याकडे. शेंगदाणे, कडक टोस्ट, भातातला खडा. आधी माझ्या डोक्यावर एक काळी रेघ आली. रेघेचा खड्डा झाला. खड्ड्यात मालक लवंग ठेवायला लागला, मग कापूस, मग जीभ. एका वर्षात मी आतून पोखरून निघाले. गरम चहा लागला की कळ कानात जायची आणि तो लिफ्टचा दांडा धरून उभा राहायचा.

बायकोला हे माहीत होतं. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला आहे, दिवसभर पानं जुळवते, त्यामुळे कुठे काय वाकडं झालंय ते तिला लगेच दिसतं. "अहो, तुमचं तोंड एका बाजूला चाललंय," ती म्हणायची. "दोन मजले चढून जायचं तर आहे. तेही तुमच्याच लिफ्टने."

"बघू," तो म्हणायचा. मालकाचं 'बघू' म्हणजे नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मालक सगळ्या विद्यार्थ्यांना मनातल्या मनात टोपणनावं द्यायचा. एक मुलगी होती शेवटच्या वर्षाची. दार बंद होता होता पळत यायची, एका हातात डबा, दुसऱ्या हातात अवजारांची पेटी, कोटाची बाही अर्धी घातलेली. तिचं नाव त्याने घाईबाई ठेवलं होतं. पुढे तिला ते कळलं आणि तीच फोनवर सांगायला लागली, "हो, घाईबाई बोलतेय."

एका सोमवारी घाईबाई पळत आली नाही. चालत आली आणि लिफ्टमध्ये मागच्या कोपऱ्यात उभी राहिली. दुसरा मजला आला, दार उघडलं, ती उतरली नाही. लिफ्ट पाचव्यावर गेली, खाली आली, पुन्हा दुसऱ्यावर आली. ती तिथेच.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "आई, तो पेशंट गाव सोडून गेला," ती हळू आवाजात म्हणाली. "दाढेचाच पाहिजे गं, दुसरा दात चालत नाही. एक दाढ सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपण करून दाखवायची, तर परीक्षेला बसता येतं. तीन आठवडे राहिलेत. नाही, कोणी तयार होत नाही. शिकाऊ म्हटलं की उठून जातात."

फोन ठेवून तिने नाक पुसलं. लिफ्ट तळमजल्यावर आली होती. बाहेर कोणी नव्हतं.

मालकाचं बोट बटणावर होतं आणि मी ठणकत होते. चार दिवस माझी कळ थांबली नव्हती, हेही खरंच. पण तो जे बोलला ते नुसतं कळेमुळे बोलला असं मला वाटत नाही.

"माझी दाढ चालेल का?" त्याने विचारलं.

घाईबाईने वर बघितलं. माझी तर मुळापर्यंत घाबरगुंडी उडाली.

"काका, तुमची? कधीपासून दुखतेय?"

"वर्ष झालं असेल."

"आणि तुम्ही इथेच असता," ती म्हणाली. मग त्याची भीती तिच्या लक्षात आली असावी, कारण तिचा आवाज बदलला. "काका, मी शिकतेय अजून. दाढेचं रूट कॅनल मी याआधी जिवंत माणसाचं केलेलं नाही. काढून ठेवलेल्या दातांवर केलंय."

"तुझ्या मॅडम असतात ना?"

"असतात. प्रत्येक पायरी तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. वेळ खूप लागतो पण. जे काम बाहेर तासात होतं त्याला माझे तीन दिवस जातील."

"मला एकच पाहिजे," मालक म्हणाला. "काय करणार ते आधी सांगायचं. काही झालं तर तेही सांगायचं. 'नुसतं बघते' म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," ती म्हणाली. का, ते तिने विचारलं नाही.

पस्तीस वर्षांनी त्याने तोंड उघडलं ते हॉलमधल्या अकरा नंबरच्या खुर्चीवर. दिव्याचा उजेड थेट माझ्यावर आला. त्याचे हात खुर्चीच्या कडांना इतके घट्ट चिकटले होते की बोटांची नखं पांढरी झाली. घाईबाईने छोटा आरसा आत घातला. मग मॅडम आल्या. त्या डोळ्यांवर भिंगाचा चष्मा लावून बघायच्या, म्हणून मुलं त्यांना भिंगवाल्या मॅडम म्हणायची. एक्स-रे काढला. माझी दोन मुळं दिसली आणि पुढच्या मुळाच्या टोकाशी एक काळपट सावली.

"वाचेल?" मालकाने विचारलं.

मॅडमनी घाईबाईकडे बघितलं. उत्तर तिने द्यायचं होतं.

"वाचेल असं वाटतं," ती म्हणाली. "पण नक्की सांगता येत नाही. पुढचं मूळ वाकडं आहे, आत तीन नळ्या आहेत, आणि पुढच्या दोन फार अरुंद आहेत."

मॅडमनी मान हलवली आणि कागद पुढे केला. शिकणारी मुलगी उपचार करेल, शिक्षक देखरेख करतील, रुग्ण कधीही थांबवू शकतो, असं त्यात होतं. मालकाने सगळा कागद दोनदा वाचला. 'कधीही थांबवू शकतो' याच्यावर बोट ठेवलं. "हे कसं? तोंडात तर तुमचे हात असणार."

"डावा हात वर करा," घाईबाई म्हणाली. "मी थांबेन."

त्याने सही केली.

पहिल्या दिवशी ते खरं ठरलं. इंजेक्शनने त्याचा ओठ सुन्न झाला, जीभ सुन्न झाली, पण मी झाले नाही. सुजलेली नस लवकर ऐकत नाही. यंत्र माझ्या कडेला लागलं आणि आत पोचायच्या आत मी पेटले. मालकाचा डावा हात वर गेला. यंत्र त्याच क्षणी बंद झालं. क्षणभरही जास्त चाललं नाही. मालकाच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं आणि मला वाटतं ते दुखण्याचं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या 'नको'ला कोणी थांबलं होतं.

मॅडम आल्या, आणखी भूल द्यायला सांगितलं, कुठे द्यायची ती जागा बोटाने दाखवली. दहा मिनिटं सगळे थांबले. मग मी खरंच बधिर झाले. घाईबाईने मला उघडलं आणि माझ्यातली नस बाहेर काढली. दात मरतो तो असा. थंड, गरम, गोड, आंबट, जे काही मला चाळीस वर्षं कळत होतं ते तिथे संपलं. दुःख झालं का म्हणाल, तर सांगता येत नाही. वर्षभराची कळ गेली होती, आणि त्या शांततेत रडावं की झोपावं ते मला समजेना.

दुसऱ्या दिवसापासून मालक लिफ्टमधल्या माणसांना वेगळं सांगायला लागला. "दुखेल कदाचित. दुखलं तर हात वर करा, थांबतात ते." लोक त्याच्याकडे जास्त विश्वासाने बघायला लागले, हे मला गमतीचं वाटलं.

दुसरी बैठक गुरुवारी होती. तोंडावर हिरवा रबरी पडदा ताणलेला, त्याच्या भोकातून मी एकटी बाहेर. पडद्यामुळे मालकाला बोलता येत नव्हतं. घाईबाई फाइलने माझ्या नळ्या साफ करत होती. फाइल म्हणजे केसासारखी बारीक, कानशीसारखी खरखरीत सुई. आत घालायची, हलकेच फिरवायची, काढायची, धुवायची. मागची नळी झाली. पुढची एक झाली. शेवटची नळी वाकडी होती, आणि ती तिथे अगदी सावकाश जात होती. त्या दिवशी तिला कसलीच घाई नव्हती, हे मी शपथेवर सांगते.

टिक.

इतका बारीक आवाज की हॉलमध्ये कोणाला ऐकू गेला नसेल. मला गेला, कारण तो माझ्या आत झाला. मालकालाही हाडातून गेला. घाईबाईने फाइल बाहेर काढली आणि उजेडात धरली. ती आखूड झाली होती. टोक माझ्या मुळात अडकलं होतं.

मास्कच्या वर तिचे फक्त डोळे दिसत होते. ते एकदम मोठे झाले आणि मग कुठेच बघेनासे झाले. तिने आत पाणी मारलं. आरशाने पाहिलं. पुन्हा पाणी मारलं.

शेजारच्या दहा नंबरच्या खुर्चीवर तिचा वर्गमित्र काम करत होता. त्याने ट्रेमधली आखूड फाइल बघितली आणि खुर्ची सरकवून तिच्याजवळ आला. "मॅडम सहा नंबरवर आहेत," तो कुजबुजला. "दहा मिनिटं तरी येत नाहीत. तू वरून भरून घे."

"एक्स-रेत दिसेल."

"भरलेल्या मसाल्याची रेघ पांढरी, तुकडाही पांढरा. एकात एक मिसळून जाईल. कोण बघतंय इतकं? सांगितलंस तर केस बाद. सहा महिने गेले तुझे."

"आणि यांचं काय?"

"त्यांना काय कळतंय? कदाचित काही होणारही नाही."

मालक पडद्याखाली आडवा होता. सगळं ऐकत होता. त्याचा डावा हात मांडीवर होता, वर गेला नाही. हात वर करायचा तो दुखलं तर. यासाठी काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. तो घाईबाईच्या डोळ्यांकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ट्रेकडे बघत होती. ट्रेमध्ये नळ्या भरायच्या मसाल्याच्या काड्या तयार ठेवल्या होत्या. तिने चिमटा उचलला.

मला वाटलं, संपलं. हिनेही पाठीमागे हात लपवला.

चिमट्याने तिने माझ्याभोवती अडकवलेली पडद्याची कडी सोडवली. पडदा काढला. खुर्ची उभी केली, मास्क हनुवटीवर ओढला.

"काका, फाइल आत मोडली," ती म्हणाली. "टोकाचा तुकडा दाढेच्या मुळात अडकलाय. माझ्या हातून झालं."

मालकाच्या सुन्न ओठातून लाळ आली, ती त्याने पुसली. मग विचारलं, "निघेल?"

"माहीत नाही. बहुतेक नाही निघणार."

"मग?"

"त्याच्या शेजारून वाट काढता आली तर दाढ वाचेल. नाही आली तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. मग स्वतःच केलं. "तर काढावी लागेल."

काढावी लागेल, हे ऐकल्यावर तो उठला. "थांबा काका, तात्पुरतं बंद तरी करू द्या," ती म्हणाली. तो थांबला, तेवढंच. तिने कापूस ठेवून सिमेंट लावलं आणि तो निघून गेला. जिना उतरून लिफ्टशी गेला, स्टुलावर बसला आणि संध्याकाळपर्यंत माणसं वरखाली नेत राहिला. मजला विचारायचाही नाही. लोकच आपली बटणं दाबत होते.

घरी गेल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. "म्हटलं होतं ना, शिकाऊ ते शिकाऊ. मीच आपण होऊन गेलो. कुणी बोलावलं होतं मला?"

बायको भाजी चिरत होती. तिने सुरी थांबवली. "राग कशाचा आलाय? तिने मोडलं त्याचा, की सांगितलं त्याचा?"

"म्हणजे?"

"न सांगता भरलं असतं तर आत्ता तुम्ही हसत बसला असता. बरं वाटलं असतं तुम्हाला."

तो तिच्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "राग नाही गं. भीती वाटली."

"तिला नसेल वाटली?"

भाजी चिरायचा आवाज पुन्हा सुरू झाला. मालकाने जिभेने मला हळूच चाचपलं. एरवी तो मला चाचपायचा तेव्हा कुठे दुखतंय ते शोधायला. त्या संध्याकाळी तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये भिंगवाल्या मॅडम एकट्या होत्या. मालकाने दार बंद केलं, पण बटण दाबलं नाही.

"मॅडम, तिने तुम्हाला सांगितलं?"

"तुम्ही हॉलबाहेर पडायच्या आत सांगितलं. केसपेपरवर लिहिलंही."

"मग आता?"

"आता तुमची दाढ मी करते, किंवा आमच्यातले दुसरे कोणी. ती वाट काढणं नाजूक काम आहे. आणि तिच्या परीक्षेसाठी ही केस धरता येणार नाही. उपकरण मोडलं की धरत नाहीत."

"तिची चूक होती का?"

मॅडमनी जरा विचार केला. "मूळ वाकडं आहे. फाइल जुनी झाली होती, ती आधीच बदलायला हवी होती. एवढी चूक तिची. अशी चूक माझ्या हातूनही झालेली आहे."

"मग धरा की केस. खरं बोलली ती. खोटं बोलली असती तर पास झाली असती, हा कुठला न्याय?"

"मला कळतंय तुम्ही काय म्हणताय," मॅडम म्हणाल्या. "पण नियम आहे आणि तो मी वाकवणार नाही. खरं बोलली म्हणून सूट दिली, तर उद्या मुलं सूट मिळावी म्हणून खरं बोलतील."

मालकाने दोनचं बटण दाबलं. लिफ्ट चढायला लागली. "बरं," तो म्हणाला. "मग दाढ तिलाच करू द्या. तुम्ही शेजारी बसा. पेशंट कधीही थांबवू शकतो असं लिहिलंय ना? मग पेशंट पुढे जा म्हणूही शकतो."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तिला विचारावं लागेल. तिचा यात आता काहीच फायदा नाही."

तिला विचारलं. मला वाटलं होतं ती दुसरा पेशंट शोधायला पळेल. अजून सोळा दिवस होते आणि एखादा मिळालाही असता. तिने फक्त विचारलं, "काका तयार आहेत?" आणि मंगळवारची सगळी दुपार माझ्यासाठी राखून ठेवली.

त्या दुपारी हॉल जवळजवळ रिकामा होता. मॅडम स्टूल ओढून बसल्या, हात मांडीवर ठेवले. मालकाने तोंड उघडलं. खुर्चीच्या कडा त्याने आजही धरल्या होत्या, पण नखं पांढरी होण्याइतक्या नाही.

घाईबाईने सगळ्यांत बारीक, कोरी फाइल घेतली आणि तिचं टोक किंचित वाकवलं. मोडलेला तुकडा माझ्या नळीत तिरपा रुतला होता. त्याच्या आणि माझ्या भिंतीच्या मध्ये फट होती की नव्हती, ते कोणालाच दिसत नव्हतं. फक्त बोटांना लागलं तर लागणार. तिने फाइल आत सोडली. ती तुकड्यावर जाऊन थडकली. बाहेर काढली, थोडी फिरवून पुन्हा सोडली. पुन्हा थडकली.

"जोर नको," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा. पुन्हा. भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे गेलं. एकदा फाइल थोडी खाली गेल्यासारखी वाटली आणि मॅडम एकदम म्हणाल्या, "थांब. ही वाट मुळाबाहेर जातेय. इथून गेलीस तर दाढ फुटेल." तिने फाइल तशीच अलगद मागे घेतली. तिच्या कपाळावरचा घाम मॅडमनी पुसला, पण अवजाराला हात लावला नाही. चाळीस मिनिटं झाली.

"मॅडम, तुम्ही करता का?" घाईबाईने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"तुझ्या बोटांना काय लागतंय?"

"भिंत. सगळीकडे भिंत."

"जिभेच्या बाजूला टोक वळव. अजून. आता सांग."

तिने डोळे मिटले. खरंच मिटले. मालकाने ते बघितलं आणि खुर्चीच्या कडा आणखी घट्ट धरल्या. मी मात्र त्या क्षणी ओळखलं, कारण फाइलचं टोक मला अशा जागी लागलं जिथे आजवर कोणी पोचलं नव्हतं. तुकड्याच्या कडेला केसाएवढी फट होती. टोक तिथे चिकटल्यासारखं झालं.

"धरतंय," ती म्हणाली.

"तिथेच राहा. पाव फेरा. मागे. पाव फेरा."

आणि ती आत गेली. तुकड्याच्या शेजारून, त्याला न हलवता, माझ्या मुळाच्या टोकापर्यंत. एक्स-रे काढला. संगणकाच्या पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा दिसल्या, एक आखूड, एक तिच्या अंगाला लागून खाली गेलेली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, "आता धू नीट," आणि उठून दुसऱ्या खुर्चीकडे गेल्या.

पुढच्या आठवड्यात माझ्या नळ्या भरल्या गेल्या, तुकडा आतच ठेवून. नंतर डोक्यावर कॅप बसली. घाईबाईला दुसरा पेशंट वेळेत मिळाला नाही. तिच्या वर्गातली मुलं परीक्षेला बसली, ती बसली नाही. तो दहा नंबरचा मित्र पास झाला आणि पेढ्यांऐवजी बिस्किटाचा पुडा घेऊन लिफ्टमध्ये आला. मालकाने एक बिस्किट घेतलं, माझ्याच बाजूने खाल्लं.

ते सहा महिने घाईबाई रोज लिफ्टने वर गेली. काही दिवस बोलायची, काही दिवस कोपऱ्यात उभी राहायची. एकदा मालकाने विचारलं, "पश्चात्ताप होतो का गं?" ती म्हणाली, "होतो काका. काही काही दिवशी खूप होतो." त्याला हे उत्तर आवडलं. तेव्हाही ती खोटं बोलली नव्हती. सहा महिन्यांनी तिने एका शिक्षिकेची दाढ पूर्ण केली, परीक्षा दिली, आणि आता दुसऱ्या एका दवाखान्यात नोकरी करते. माझी वर्षाची तपासणी करायला मात्र ती सुट्टी काढून स्वतः आली होती. मुळाशी असलेली काळी सावली भरून आली होती. ती एक्स-रेकडे इतका वेळ बघत राहिली की मालक म्हणाला, "अगं, जबडा दुखायला लागला माझा."

आता माझं काय चाललंय? मी चावते. चहा गरम आहे की गार ते मला कळत नाही, मालकाला कळतं, तेवढं पुरे. मी किती वर्षं टिकेन ते कोणी सांगत नाही, आणि सांगत नाहीत हेच बरं. माहीत नाही त्याला माहीत नाही म्हणावं. तुमच्या तोंडात माझ्यासारखी कोणी ठणकत असेल, तर तिला लवंगेवर वर्षभर झुलवत ठेवू नका. आणि समोर शिकणारा हात आला तर तो किती पक्का आहे एवढंच विचारू नका. चुकलास तर सांगशील ना, हेही विचारा. माझी एवढीच विनंती आहे.

आज मालक पुन्हा दुसऱ्या मजल्यावर आलाय. नव्या वर्षाची मुलं आहेत, त्यांना दात मोजायला शिकायचंय आणि त्यासाठी कोणीतरी खुर्चीवर बसायला हवं होतं. तो आपण होऊन बसला. समोर एक उंच मुलगा उभा आहे, हातमोजे उलटे घातलेत, आरसा कुठल्या हातात धरायचा ते त्याला आठवत नाहीये. मालक त्याला म्हणतोय, "सावकाश कर बाळा, मी कुठे पळून जात नाही."

येते मी. त्याने तोंड उघडलंय, आणि दात मोजायचे असतील तर मला गप्प बसायला हवं.